कारखान्याचा चाप

इंगवले मिस्त्रींच्या उजव्या हाताची तर्जनी कधी वाकलेली दिसायची नाही. चहाचा ग्लास धरला तरी बाकीची बोटं ग्लासाभोवती आणि तर्जनी काचेवर सरळ, ताठ. छत्री धरली तरी तसंच, मोबाइल कानाला लावला तरी तसंच. पहिल्यांदा ते आमच्या ऑफिसात आले, तेव्हा मला वाटलं बोट कधीतरी मोडलं असेल आणि नीट बसवलं गेलं नसेल. मी आगाऊपणे विचारलंही.

"मोडल्यालं न्हाई सावंतसाहेब," ते म्हणाले. "त्याला भायेर ऱ्हायची सवय हाय. आत जायचं ते एकदाच, अन् तेबी पक्कं ठरल्यावर."

आत म्हणजे बंदुकीच्या चापाच्या कडीत. हे मला कळायला थोडा वेळ लागला.

आमची सानपाड्यातली सिक्युरिटी एजन्सी म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. पुढच्या गाळ्यात मी बसतो. कोणता गार्ड कुठे जाणार याची यादी करणं, दांडी मारणाऱ्याला फोन करून शिव्या देणं आणि त्याच्या जागी उभं राहणाऱ्याच्या हातापाया पडणं, हे माझं काम. मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे, खटाव भागातले. मुंबईत बंदुकांच्या एका दुकानात त्यांनी एकतीस वर्षं कारागिरी केली. बंदुका दुरुस्त करणं, साफ करणं, चाप-घोडा बसवणं. पुढे मालकाच्या मुलांनी दुकान बंद केलं. म्हाताऱ्या मालकाने जाता जाता एक उपकार केला, मिस्त्रींना लायसन्स मिळवून दिलं आणि दुकानातलं एक बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या नावावर करून दिलं. त्या रिव्हॉल्व्हरच्या जोरावर ते आमच्याकडे गनमॅन झाले. आमच्या धंद्यात साठीनंतर साधा गार्ड कोणी ठेवत नाही, पण स्वतःचं हत्यार असलेला गनमॅन असेल तर वयाकडे जरा काणाडोळा करतात. मिस्त्री त्या काणाडोळ्यावर टिकून होते.

त्यांची ड्युटी जवळच्या एका बँकेच्या दारात. सुटल्यावर घरी जायच्या ऐवजी आमच्या मागच्या गाळ्यात येऊन बसायचे. बाकीचे गनमॅन आपली हत्यारं त्यांना दाखवायला आणत. कांद्याची गोणी तोलायला असतो तसला एक आकड्याचा काटा त्यांच्या पिशवीत कायम असे. रिकामं हत्यार हातात घेऊन ते आकडा चापाला अडकवत, हळूहळू ओढत आणि मागचा ठोका देणारा घोडा पडला की काट्यावरचं वजन मोठ्याने सांगत. दुकानातली ही जुनी रीत. चापाचं वजन कळलं की हत्याराचा स्वभाव कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

खारघरला एका सोनाराकडे ड्युटी करणारा भोईर तळवलीतला. मिस्त्री त्याच्याच वडिलांच्या चाळीत भाड्याने राहत, त्यामुळे त्याला वाटे की मिस्त्रींवर आपला हक्क आहे. एकदा तो आपलं रिव्हॉल्व्हर घेऊन आला.

"मिस्त्री, यो चाप कवरा जड हाय. बोट दुखतंय माजा. जरा हलका करून द्या ना."

मिस्त्रींनी काटा लावला. साडेपाच किलो. त्यांनी हत्यार परत त्याच्या हातात ठेवलं.

"कारखान्यातनं आलंय तसं हाय. ऱ्हाऊ दे."

"पन तुमाला येतंय ना करायला?"

"येतंय म्हनूनच सांगतो. कारखान्यातल्या मानसानं तुला बघितल्यालं न्हाई, तरीबी तुजा ईचार केल्याला हाय. चाप जड असतो तो बोटाला तरास व्हावा म्हनून न्हवं. डोक्याला माघारी फिरायला येळ मिळावा म्हनून."

भोईर माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. म्हातारा माणूस, काहीतरी बोलतो, असं आम्ही धरून चाललो. भोईर गेल्यावर मी चहा मागवला आणि मिस्त्रींनी मला ती हकीकत सांगितली. दुकानात असताना एका हॉटेलवाल्याने हट्टच धरला होता, मला चाप लोण्यासारखा पाहिजे. मिस्त्रींनी करून दिला. हातात कसब होतं, त्या कामाचा त्यांना अभिमानही वाटला. पुढच्या वर्षी हॉटेलवाल्याचं सख्ख्या भावाशी भांडण झालं. नुसतं घाबरवायला हत्यार काढलं आणि गोळी सुटली. भाऊ जागच्या जागी गेला. हॉटेलवाला पोलिसांपुढे एकच वाक्य बोलत राहिला, मला उडवायची नव्हती. दुकानात चौकशीला कोणी आलंच नाही. मालक म्हणाला, तू गप बस, आपल्याला कोणी विचारलेलं नाही.

"मंग म्या गप बसलो," मिस्त्री म्हणाले. "चाप कारखान्याचा असता तर भाऊ वाचलाच असता, असं बी न्हाई सांगता येत. पन येळ मिळाला असता. तेवडा तरी मिळाला असता."

त्यानंतर त्यांनी कोणाचाही चाप हलका केला नाही. वीस वर्षं. त्यांच्यासारखा कारागीर शोधून सापडला नसता आणि ज्या कामाला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक तेच काम हा माणूस करत नव्हता.

मिस्त्रींना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकी. काकींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. ते सगळं कामगार विम्याच्या कार्डावर चाले, आणि कार्ड चाले ते मिस्त्रींची नोकरी होती म्हणून. मी ड्युटीची यादी करायचो तेव्हा आधी त्यांचे ते दोन दिवस मोकळे सोडायचो आणि मग बाकीच्यांची नावं भरायचो. नोकरी गेली तर कार्ड जाणार आणि कार्ड गेलं तर काकी जाणार, हे मिस्त्रींना ठाऊक होतं, काकींना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. आम्ही तिघं ते कधी बोलून दाखवत नसू.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या ग्लासात दिसलं, नंतर सहीत. उजव्या हातातली ताकदच उतरणीला लागली. नेमकं त्याच वर्षी बँकेने नवीन अट घातली. प्रत्येक गनमॅनने नेमबाजीच्या रेंजवर जाऊन परीक्षकासमोर स्वतःच्या हत्याराने पाच गोळ्या झाडून दाखवायच्या. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवायचा नाही, सरळ चाप ओढूनच बार काढायचा. घोडा आधी चढवला तर चाप हलका लागतो, पण अटीत तेच बसत नव्हतं. पास झालं तर सर्टिफिकेट, नाहीतर बँकेच्या दारात उभं राहायचं नाही, आणि या वयात मिस्त्रींना दुसरी जागा मिळणार नव्हती.

बँकेचं पत्र आलं त्या दिवशी मिस्त्रींनी काट्याचा आकडा आपल्या तर्जनीत अडकवला आणि मला म्हणाले, तुमी वाचा. काटा मी टेबलाला दाबून धरला. त्यांनी ओढला. मान लाल झाली, ओठ दाबले गेले, हात लटलट कापत होता. चार किलोच्या अलीकडे काटा थांबला. त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा चाप साडेपाचचा.

पुढचे तीन-चार आठवडे त्या माणसाने काय नाही केलं. बँकेच्या दारात उभं राहून खिशात रबरी चेंडू दाबत राहायचे. पाण्याची बाटली सुतळीने बोटाला लटकवून मागच्या गाळ्यात येरझाऱ्या घालायचे. एक बाटली, मग दोन. तळवलीतल्या कोणीतरी सांगितलं म्हणून कसलं तरी तेल चोळायचे, त्याचा वास ऑफिसभर पसरायचा. दर सोमवारी काटा. काटा हलायचा नाही. एकदा तर मागच्या खेपेपेक्षा कमीच दाखवला. त्यांनी मला आकडा पुन्हा वाचायला लावला. मी खोटं बोललो, थोडा वाढवून सांगितला. ते म्हणाले, "साहेब, म्या बी वाचलाय."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, परीक्षेला बारा दिवस राहिलेत. तुमच्यासारखा कारागीर पनवेलपासून ठाण्यापर्यंत नाही. स्वतःचा चाप हलका करून घ्या आणि मोकळे व्हा. टेन्शन संपलं."

"न्हाई."

"काकींचं काय?"

ते उठून गेले. दोन दिवस मागच्या गाळ्यात आले नाहीत. मला माझ्या जिभेची लाज वाटली, पण मी ते वाक्य परत घेतलं नाही, कारण ते खरं होतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी मी तळवलीला त्यांच्या खोलीवर गेलो. मिस्त्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. समोर रिव्हॉल्व्हर उघडलेलं, बारीक अवजारं ओळीने मांडलेली. काकी खाटेवर, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेला हात उशीवर ठेवून पडलेल्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "करू द्या त्यास्नी. चाळीस वर्सांत म्या पयल्यांदाच काय तरी मागितलंय."

मी दाराच्या चौकटीत बसून राहिलो. हात थरथरत होता, तरी अवजारं उचलताना तो बरोबर जागी जात होता. कारखान्याची स्प्रिंग त्यांनी एका कागदाच्या पुडीत बांधून ठेवली आणि तिच्या जागी स्वतः तयार केलेली नरम स्प्रिंग घातली. मग काटा लावला. तीन किलो आठशे.

मला हायसं वाटलं. मिस्त्रींचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"जी स्प्रिंग चापाला जड करती, तीच घोड्याला मार देती," ते म्हणाले. "चाप हलका केला की घोडा बी हळू पडतो. काडतुसाच्या बुडाला टोपी असती, ती फुटायला मार बसाया लागतो. पुरंल का न्हाई, ते बार काढल्याबिगर कळत न्हाई. अन् बार काढायचा कुठं? या चाळीत?"

काडतुसं मोजकी, लायसन्सवर मिळतात तेवढीच. रेंजशिवाय बाहेर गोळी झाडणं हा गुन्हा. आयुष्यभर प्रत्येक काम तपासून हातावेगळं केलेल्या कारागिराला हे एक काम न तपासता घेऊन जायचं होतं. काकी डोळे मिटून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

परीक्षेला मी त्यांच्याबरोबर गेलो. परीक्षक एक निवृत्त फौजदार होते, पोट सुटलेले, बोलायला मऊ. मिस्त्रींची पाळी आली. पहिला बार निघाला. दुसरा निघाला. दोन्ही गोळ्या कागदावर नीट लागल्या. तिसऱ्याला नुसतं टक झालं. मिस्त्री रेंजच्या शिस्तीप्रमाणे हत्यार समोर धरून थांबून राहिले. मग चौथा निघाला. पाचव्याला पुन्हा टक.

फौजदारांनी न उडालेली काडतुसं हातात घेऊन निरखली. "जुनी दिसतात हो. दमट हवा इथली. असं करा, माझ्याकडची पाच घ्या आणि परत मारा. हाताला काही दोष नाही तुमच्या."

त्यांच्या हातातली काडतुसं नवी कोरी होती. कदाचित पाचही उडाली असती. मिस्त्रींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली. घ्या, म्हणून. अख्ख्या जन्मात मी इतक्या कळवळून कशासाठी मान हलवलेली नाही.

"काडतुसं चांगली हायती, साहेब," मिस्त्री म्हणाले. "चाप म्या हलका केलाय. बोट चालत न्हाई माजं, म्हनून."

फौजदारांनी वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी हे ऐकलं नाही असं समजू का? दहा मिनिटांनी या परत."

कोणीतरी एवढा मोठा दरवाजा उघडून धरतो आणि माणूस आत जात नाही. मिस्त्री म्हणाले, "न्हाई साहेब, ऐका. उद्या बँकेत कायतरी झालं अन् ही वाजलीच न्हाई, तर आत कॅशवर पोरगी बसती. अन् कुनी नुसता धक्का दिला अन् नको तवा वाजली, तर लायनीत मानसं असत्यात. म्या दारात उभा ऱ्हातो. मला म्हाईत असून कसा उभा ऱ्हाऊ?"

परतीच्या रिक्षात मला त्यांचा राग आला होता, खरंखुरा संताप. सानपाडा आल्यावर न राहवून मी म्हणालो, "कॅशवरची परकी मुलगी तुम्हाला काकींपेक्षा जवळची झाली?" त्यांनी उतरताना माझ्या हाताचा आधार घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

मी दोन महिने त्यांचं नाव हजेरीपटावर चालू ठेवलं, ऑफिसात मदतनीस म्हणून. ते सरळसरळ खोटं होतं. मिस्त्रींना कळलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता हजर झाले आणि मग रोज येत राहिले. फरशी पुसायचे, पाणी भरायचे, गार्डांचे बूट ओळीने लावायचे, हजेरी खरी ठरावी म्हणून. एकसष्ट वर्षांच्या माणसाला फरशी पुसताना बघणं मला जड जाई. मी म्हणे, बसा हो. ते म्हणत, "नुसतं बसलो तर तुमच्यावर येईल." शेवटी मुख्य ऑफिसातून कोणीतरी यादी तपासली, मला खुलासा विचारला आणि नाव कापलं.

कार्ड त्यानंतर थोडे दिवस चाललं, मग थांबलं. जिथे फुकट होतं तिथे रांग होती. आठवड्यातून दोनदाचं डायलिसिस एकदावर आलं, मग कधी दहा दिवसांवर. मी ट्रस्टवाल्यांना फोन केले, अर्ज लिहिले, ओळखीच्या ओळखी काढल्या. भोईरनेही गावातल्या लोकांना सांगून खूप धावपळ केली. कशाचा तरी उपयोग होतोय असं वाटायचं आणि पुढच्या आठवड्यात परत तिथेच. काकींचे पाय सुजले, मग चेहरा. शेवटचं भेटलो तेव्हा त्यांनी मला चहा करून द्यायला लावला, मिस्त्रींना नाही. म्हणाल्या, "त्येंच्या हातनं सांडतो. अन् सांडला की त्येंचं तोंड बगवत न्हाई." मिस्त्रींबद्दल त्या एवढंच बोलल्या. त्यांनी मिस्त्रींना कधी दोष दिला की नाही, मला ठाऊक नाही. मला विचारायचा धीर झाला नाही. दसऱ्याच्या आधी त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर मिस्त्रींनी गावी जायचं ठरवलं. जाण्याआधी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं होतं. मी सकाळी तळवलीला पोचलो तर ते पुन्हा वर्तमानपत्र पसरून बसलेले. कागदाची पुडी सोडून कारखान्याची स्प्रिंग परत बसवत होते. हात आता फारच कापत होता. स्प्रिंग दोनदा निसटून खाटेखाली गेली, मी वाकून शोधून दिली. तेवढीच माझी मदत. दीड तास लागला.

"जमाच करायचंय ना, मिस्त्री? कशाला एवढं?"

"हातातनं जाताना तरी बरोबर जाऊ दे."

मग ते भिंतीला टेकले आणि आपणहून म्हणाले, "साहेब, त्या दिसी तुमी मान हलवलीत ना. म्या बघितली. लई बरं वाटलं मला. माज्या बायकोसाटी कुनीतरी खोटं बोलाया तयार हाय म्हनून."

मी विचारलं, "चुकलं का आपलं?"

"चूक झाली खरी. पन स्प्रिंग बदलली ती चूक, का खरं बोललो ती, आजून कळत न्हाई मला. रोज ईचारतो. कुनाला ईचारायचं, ती बी न्हाई आता."

खरं सांगायचं तर आजही मी त्यांना पूर्ण माफ केलेलं नाही, आणि त्यांच्याइतका सरळ माणूस मला पुन्हा भेटलेलाही नाही. या दोन गोष्टी माझ्यात एकमेकींशी कधी बोलत नाहीत. बँकेच्या त्या दारात आता दुसरा गनमॅन असतो. मी ड्युटी बघायला जातो तेव्हा काचेपलीकडे कॅशवरची मुलगी नोटा मोजत असते. तिला यातलं काही माहीत नाही.

पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने हत्याराचा नंबर वहीत उतरवला, लायसन्स घेतलं आणि फॉर्म पुढे ओढला. "परत करायचं कारण काय लिहू, काका?"

मिस्त्री म्हणाले, "जिच्यासाटी ठेवलं हुतं ती ऱ्हायली न्हाई."

हवालदाराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खाली बघून रकान्यात लिहिलं, "आता आवश्यकता नाही," आणि सहीची जागा बोटाने दाखवली. मिस्त्रींचा हात इतका कापत होता की सही काही केल्या होईना. शेवटी त्यांनी अंगठा उठवला.